फ्रिजची घरघर आणि मागे पडलेलं गाणं

प्रश्न थोडक्यात असा: हौसेने चांगले स्पीकर घेतले, ॲम्प्लिफायर घेतला. पण ऐकायची जागा म्हणजे दिवाणखाना, त्याला लागून उघडं स्वयंपाकघर आणि तिथे फ्रिज. डोक्यावर पंखा, टेबलाखाली गाणी साठवलेला कॉम्प्युटर. दिवसा चालून जातं. रात्री आवाज बारीक करून ऐकायला बसलं की गाण्यापेक्षा घरच जास्त ऐकू येतं. भिंतींना फोम लावला तर हे थांबेल का?

नाही थांबणार. फोमचे पैसे सध्या खिशातच राहू द्या. ५ सेंटीमीटर जाडीचा फोम वरच्या पट्टीतले आवाज शोषतो, रिकाम्या खोलीत टाळी वाजवल्यावर जी झणझण येते ती दाबतो. फ्रिजची घरघर मात्र बहुतांशी १०० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १०० कंपनांच्या आसपास असते. त्या कंपनसंख्येची लहर जवळपास साडेतीन मीटर लांब. एवढासा फोम तिच्या खिजगणतीतही नसतो. शिवाय फोम बाहेरचा आवाज अडवत नाही. अडवायला वजन लागतं, आणि फोमला वजनच नसतं.

गेली पंचवीसेक वर्षं मी लोकांच्या घरी ऐकायच्या खोल्या लावून देतो. बोलावणं येतं ते बहुतेक वेळा ‘नवीन केबल घेऊ का, स्पीकर बदलू का’ अशा प्रश्नाने. मी गेल्यावर पहिलं काम करतो ते म्हणजे घरातलं सगळं बंद करायला लावतो. फ्रिज, पंखे, कॉम्प्युटर, इंटरनेटचा डबा, दिवे, सगळं. मग दहा मिनिटं नुसतं बसायचं. कान स्थिरावायला तेवढा वेळ लागतोच. त्यानंतर एकेक वस्तू चालू करायची आणि प्रत्येक वेळी दोन गोष्टी कागदावर लिहायच्या: आवाज कसा आहे (घरघर, सूं सूं, खडखड, बारीक शिट्टी) आणि तो कुठून येतोय. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताना भलेभले चुकतात. कारण आवाज वस्तूतून निघतो, पण तुमच्यापर्यंत येतो तो कधी हवेतून, कधी फरशी-भिंतीतून आणि कधी चक्क विजेच्या तारेतून. वाट चुकीची धरली की उपाय फुकट जातो. फरशीतून येणाऱ्या घरघरीला जाड पडदा लावणारी माणसं मी पाहिली आहेत.

आणखी एक हिशेब आधीच डोक्यात ठेवा. डेसिबलची बेरीज साधी नसते. समजा तुमच्या खुर्चीपाशी फ्रिज ४० डेसिबल आणि कॉम्प्युटर ३० डेसिबल देतोय. दोन्ही मिळून ७० होत नाहीत, ४०.४ होतात. म्हणजे खटाटोप करून कॉम्प्युटर अगदी मुका केलात तरी तुम्हाला काडीचाही फरक जाणवणार नाही. उलट फ्रिजचा बंदोबस्त केलात तर खोली थेट ३० वर येते. म्हणून सगळ्यात मोठा चोर आधी पकडायचा, मग त्याच्या मागे लपलेला. प्रत्येक वेळी नवा आवाज ‘उगवल्यासारखा’ वाटेल. तो आधीपासून होताच, मोठ्याच्या सावलीत होता.

मोबाइलवरच्या आवाज मोजायच्या ॲपवर इथे भिस्त ठेवू नका. ती बहुधा ‘ए’ भारांकनाने मोजतात, म्हणजे खर्जातला आवाज मुद्दाम कमी धरतात: १०० हर्ट्झला १९ डेसिबलने, ५० हर्ट्झला ३० डेसिबलने. आकडा ३२ दिसतो, आपण खूश होतो, आणि घरघर जिथल्या तिथे. त्यापेक्षा वर्णपट, म्हणजे कुठल्या कंपनसंख्येला किती आवाज आहे त्याचा आलेख, दाखवणारं ॲप घ्या. त्यात ५०, १००, २०० अशा ठिकाणी सुळके दिसले तर ते विजेवर चालणाऱ्या मोटारीचं नाहीतर ट्रान्सफॉर्मरचं काम. जिथे वीज ६० हर्ट्झची आहे तिथे ६०, १२०, २४० पाहा. सपाट पसरलेला डोंगर दिसला तर तो वाऱ्याचा आवाज: पंखा, एसी, कॉम्प्युटर.

खर्जातल्या घरघरीला मी इतकं का धरून बसतो, तेही सांगतो. खालच्या पट्टीतला आवाज आपल्यापेक्षा वरच्या पट्टीतले आवाज झाकतो. उलट तितकंसं होत नाही. म्हणजे १०० हर्ट्झची घरघर नुसती ‘बाजूला’ चालू राहत नाही, ती तंबोऱ्याच्या खर्जाचा घुमारा आणि चेलोचं अंग खाते. पंख्याची सूं सूं दुसऱ्या टोकाला काम करते: स्वर संपल्यानंतरची आस, गायकाने घेतलेला श्वास, झांजेची विरत जाणारी किणकिण. मग आपण काय करतो, तर आवाज वाढवतो. खोलीतला गोंगाट १० डेसिबलने जास्त, म्हणून गाणंही १० डेसिबलने वर. तासाभरात कान थकतात आणि दोष जातो स्पीकरला.

आता फ्रिज. यावर जरा रेंगाळतो, कारण दहातल्या सात घरांत मुख्य आरोपी तोच निघतो.

आधी आवाज कशाचा ते ओळखा. फ्रीझरचं दार उघडल्यावर आवाज थांबला आणि दाराच्या चौकटीतलं बटण बोटाने दाबल्यावर परत आला, तर तो आतल्या थंड हवेच्या पंख्याचा. त्यात टकटक मिसळली असेल तर पात्याला बर्फ घासतोय; फ्रिज पूर्ण रिकामा करून बर्फ वितळू दिला की बहुतेकदा जातं. दार उघडूनही आवाज तसाच राहिला तर तो मागे खाली बसलेल्या कॉम्प्रेसरचा. आता तळहात फ्रिजच्या बाजूला, मग भिंतीला, मग फरशीला लावून बघा. भिंत थरथरत असेल तर फ्रिज कुठेतरी तिला टेकलाय.

माझ्याच घरातली गंमत. फ्रिजच्या मागे चांगली चार बोटं जागा होती, पायही समतल, तरी भिंतीपलीकडच्या खोलीत घुमायचं. मी दोन रविवार घालवले. शेवटी टॉर्च घेऊन फरशीवर आडवा झालो तेव्हा दिसलं: फ्रिजची जादा वायर गुंडाळून मागे खोचलेली होती आणि तो वेटोळा कॉम्प्रेसर व भिंत यांच्यामध्ये पाचरीसारखा बसला होता. वायर सोडवली, बाजूने काढली, घुमणं संपलं. पंचवीस वर्षांचा अनुभव आणि उपाय काय, तर वायर सरळ करणं. तेव्हापासून मी कुठल्याही घरी आधी पोटावर झोपतो.

तसंच फ्रिजच्या डोक्यावरचं सामान. एकमेकांना टेकलेल्या दोन बरण्या कॉम्प्रेसर सुरू होताना आणि बंद पडताना हमखास वाजतात. आतल्या काचेच्या बाटल्याही. कॉम्प्रेसरच्या वर बाष्पीभवनासाठी जो प्लॅस्टिकचा ट्रे असतो, तो सैल असेल तर भुंग्यासारखा आवाज देतो. बोटाने दाबून धरा, थांबला तर खाली रबराचा तुकडा सरकवा.

पुढचं काम म्हणजे फ्रिजला कमी वेळ चालायला लावणं. मागची जाळी धुळीने माखली असेल किंवा दाराचं रबर सैल झालं असेल तर कॉम्प्रेसर जास्त वेळ धावतो. कागदाची पट्टी दारात अडकवून ओढा. विनासायास निसटली तर रबर बदलायची वेळ झाली. आणि कितीही मोह झाला तरी फ्रिजला पेटीत कोंडू नका, गोधडी गुंडाळू नका. त्याची उष्णता बाहेर पडली नाही तर तो आणखी जोरात आणि आणखी वेळ चालेल.

मग पायाखालचे रबरी पॅड. यात एक हिशेब आहे जो दुकानदार सांगत नाही. रबर वजनाने दबलं तरच काम करतं. साधारण १ मिलिमीटर दबलं तर वर ठेवलेल्या वस्तूची स्वतःची डोलण्याची कंपनसंख्या सेकंदाला १६ च्या आसपास येते. या संख्येच्या १.४ पटीवरची, म्हणजे अंदाजे २३ हर्ट्झच्या वरची थरथर फरशीत कमी उतरते. खालची कमी तर होत नाहीच, १६ च्या आसपासची उलट वाढते. फ्रिजची थरथर ५० आणि १०० हर्ट्झची, त्यामुळे तिथे पॅड मस्त चालतो. आता तोच पॅड कपडे धुण्याच्या यंत्राखाली ठेवा. मिनिटाला १२०० फेरे म्हणजे २० हर्ट्झ, बरोबर नको त्या पट्ट्यात! यंत्र नाचायला लागतं आणि माणूस म्हणतो, पॅड भिकार निघाले. पॅडचा दोष नसतो. धुण्याच्या यंत्राला आधी चारही पाय टेकून समतल उभं करा, नवं असेल तर वाहतुकीसाठी लावलेले मागचे बोल्ट काढलेत ना ते बघा, आणि सरळ गाणं ऐकायच्या वेळी ते लावूच नका. त्याच्यासाठी याहून जास्त शब्द खर्च करण्यात अर्थ नाही.

फ्रिजकडे परत. नवीन घ्यायचाच असेल तर इन्व्हर्टर कॉम्प्रेसरवाला घ्या. तो धाडकन सुरू-बंद न होता हळू वेगाने बराच वेळ चालतो. सतत एकसारखा बारीक आवाज कानाला चालतो. खुपतं ते मधेच सुरू होणं. पण केवळ आवाजासाठी चालता फ्रिज बदलू नका. आधी खुर्ची हलवून बघा.

हो, खुर्ची. १०० हर्ट्झसारखा एकसुरी आवाज खोलीत सगळीकडे सारखा नसतो. भिंतींवरून परतणाऱ्या लहरी मूळ लहरींत मिसळून काही जागी घरघर दुप्पट होते, काही जागी जवळजवळ नाहीशी. दाट आणि विरळ जागेतलं अंतर लहरीच्या पाव लांबीइतकं, म्हणजे १०० हर्ट्झला साधारण ८५ सेंटीमीटर. फ्रिज चालू असताना डोकं ऐकायच्या उंचीवर ठेवून खोलीत सावकाश पुढे-मागे सरका. दोन पावलांत आवाज खाली पडलेला कळेल. एका घरी मी फक्त सोफा हातभर पुढे ओढला होता. मालकांना वाटलं मी फ्रिजला काहीतरी केलं. भिंतीला चिकटून बसणं तर टाळाच. तिथे खर्जातलं सगळंच साचतं.

आता पंखा. छताच्या पंख्याचे दोन आवाज वेगळे धरा: मोटारीची गुणगुण आणि पात्यांचा वारा. गुणगुण कमी वेगाला जास्त आणि पूर्ण वेगाला गायब होत असेल, तर दोषी रेग्युलेटर. इलेक्ट्रॉनिक, गोल फिरवून हवा तो वेग देणारे रेग्युलेटर विजेच्या लहरीचा तुकडा कापून वेग कमी करतात. त्या कापलेल्या लहरीने मोटार कुरकुरते. पूर्ण वेगाला कापाकापी नसते, म्हणून आवाज जातो. त्याजागी टप्प्याटप्प्याचा, कपॅसिटरवाला रेग्युलेटर बसवून घ्या, अर्थात वायरमनकडून. बऱ्याच ठिकाणी एवढ्यानेच काम होतं. बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटारीचा) पंखा घेतलात तर हा प्रश्नच राहत नाही, फक्त त्याला जुन्या रेग्युलेटरवर चालवू नका.

वाऱ्याच्या आवाजाचा नियम आपल्या बाजूचा आहे: पंख्याचा वेग निम्मा केला की आवाज अंदाजे १५ डेसिबलने उतरतो. म्हणून लहान पंखा जोरात चालवण्यापेक्षा मोठा पंखा सावकाश, हे एसीपासून कॉम्प्युटरपर्यंत सगळीकडे खरं. एसी असेल तर ऐकायला बसण्याआधी अर्धा तास खोली गार करून घ्या, मग आतला पंखा सर्वांत खालच्या वेगावर ठेवा. जाळी धुतलेली हवी. तुंबलेल्या जाळीतून हवा ओढताना तो विनाकारण धापा टाकतो.

पंख्याबद्दल एक बारीक गोष्ट, जी ऐकल्याशिवाय पटत नाही. तीन पात्यांचा पंखा मिनिटाला १२० फेऱ्यांनी फिरत असेल तर सेकंदाला ६ वेळा एकेक पातं तुमच्या डोक्यावरून जातं. स्पीकरचा छतावरून परतणारा आवाज त्या तालात कापला जातो. लांबलचक सरळ लावलेला स्वर, बासरीचा म्हणा, अशा पंख्याखाली किंचित थरथरतो. गायक-वादक मुद्दाम स्वर कंपित करतात तोही साधारण याच गतीने, त्यामुळे ही थरथर कलाकाराची समजून आपण दादही देऊन टाकतो. पंखा बंद करून तोच तुकडा पुन्हा लावा. उपाय सोपा: पंखा आणि ऐकायची जागा एकाखाली एक नकोत, किंवा तेवढ्या वेळापुरता कोपऱ्यातला पंखा भिंतीकडे तोंड करून लावा.

कॉम्प्युटरचं फार सांगत नाही. खोलीतून बाहेर काढता आला तर तोच उत्तम उपाय. गाणी नेटवर्कवरून आणणारा, पंखा नसलेला छोटा डबा खोलीत पुरतो. काढता येत नसेल तर फिरत्या डिस्कऐवजी एसएसडी (काहीच न फिरणारी साठवण) बसवा, आतली धूळ झाडा, पंखे मोठे आणि सावकाश करा. आणि तो उघड्या, पोकळ लाकडी टेबलावर ठेवू नका. टेबल त्याचा आवाज घुमवतं.

आता तारेतून येणारा आवाज. हा वेगळाच प्राणी आहे आणि अनेकदा फ्रिजच्या नावावर खपतो. गाणं थांबवा, ॲम्प्लिफायर चालू ठेवा आणि कान आधी स्पीकरला, मग ॲम्प्लिफायरच्या पेटीला लावा. पेटीच गुणगुणत असेल तर आतला ट्रान्सफॉर्मर. त्याला कधीकधी दुसऱ्या खोलीतला केस वाळवायचा ड्रायर चिडवतो: काही ड्रायर अर्ध्या ताकदीवर विजेची अर्धीच लहर वापरतात, आणि गोल ट्रान्सफॉर्मरला तो एकांगीपणा सोसत नाही. बॅटरीचा घरगुती इन्व्हर्टर चौकोनी लहर देणारा असेल तर पंखे, ट्रान्सफॉर्मर, सगळेच एका सुरात कण्हायला लागतात. तिथे शुद्ध साइन लहर देणाराच हवा.

स्पीकरमधून गुणगुण येत असेल तर आवाजाचं बटण फिरवा. तिच्यात चढउतार झाला तर ती आधीच्या उपकरणातून येतेय. न झाल्यास ॲम्प्लिफायरमध्येच. मग एकेक जोडणी काढत जा. लॅपटॉपचा चार्जर काढताच शांतता झाली, किंवा टीव्हीची केबल काढताच, तर दोन उपकरणांच्या अर्थिंगमध्ये वेटोळं तयार झालंय. उपाय म्हणजे त्या दोघांत विजेचा थेट संबंध न ठेवणं: ऑप्टिकल केबल वापरा, तिच्यातून फक्त प्रकाश जातो, किंवा ध्वनीच्या तारेवर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकायचा सल्ला कोणी देईल. गुणगुण जातेही. पण उपकरणात बिघाड झाला तर त्याची धातूची पेटी तुमच्या हाताला वीज देईल. हा सल्ला देणाऱ्याला घरातून काढा, पिनला राहू द्या. फ्रिज सुरू-बंद होताना स्पीकरमधून ‘टक्’ येत असेल तर त्याच्या थर्मोस्टॅटच्या ठिणगीचा तो प्रताप. संगीताची उपकरणं वेगळ्या सर्किटवर घेतली तर बहुतेकदा निभावतं.

स्वयंपाकघराला दार लावता येत असेल तर लावा, पण फट बुजवूनच. ८० सेंटीमीटर रुंद आणि २ मीटर उंच दाराखाली १ सेंटीमीटरची फट म्हणजे दाराच्या क्षेत्रफळाचा अर्धा टक्का. तेवढ्या फटीमुळे दार कितीही भारी असो, २३ डेसिबलच्या पलीकडे आवाज रोखू शकत नाही. खाली रबरी पट्टी, तिन्ही कडांना सील. जाड लाकडाआधी हे.

आणि स्पीकर जवळ ओढा. तीन मीटरवरून दीड मीटरवर आणलेत तर स्पीकरचा थेट आवाज ६ डेसिबलपर्यंत वाढतो आणि फ्रिज आहे तिथेच राहतो. रात्री हळू ऐकणाऱ्याला याहून स्वस्त सुधारणा नाही. आवाज कमी करणारे हेडफोन म्हणाल तर घरघरीवर ते छान चालतात, कारण त्यांची करामत मुख्यतः खालच्या पट्टीतच असते. पण मला त्यात गाणं डोक्याच्या आत कोंडल्यासारखं वाटतं. हा माझा दोष धरा.

एवढं सगळं करून एखादी जुनी आवडती मैफल अगदी निवांत ऐकायचीच असेल, तर तासाभरासाठी फ्रिज सरळ बंद करा. दार उघडलं नाही तर तासाभरात आतलं काही बिघडत नाही. प्रश्न फक्त पुन्हा चालू करायचं लक्षात राहण्याचा. चित्रीकरणाच्या जागी ध्वनिमुद्रण करणारे लोक यासाठी गाडीची चावी फ्रिजमध्ये ठेवतात. चावी घेतल्याशिवाय निघता येत नाही आणि घ्यायला गेलं की फ्रिज आठवतो. घरी चावीऐवजी चष्मा ठेवा, झोपताना तो लागतोच. मी एकदा ‘राहील लक्षात’ म्हणून काहीच ठेवलं नव्हतं. सकाळी उठलो तेव्हा फ्रीझरमधलं पाणी फरशीवरून थेट स्पीकरच्या पायापर्यंत आलेलं होतं.